रहाटाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मागल्या आठवड्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, वर्धापनदिनाला यंदा तुम्ही दोन शब्द बोलायचे." मी हातातले पीठ झटकीत म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माझा जन्म चूल, विहीर आणि शेत ह्यांत गेला. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "विहिरीवरच्या रहाटाबद्दल बोला. तो बसला तोही तुमच्या हट्टाने, आणि मोडायची पाळी आली तीही तुमच्याच हट्टाने." हे बोलणे मला झोंबले, पण ते खरे होते. म्हणून आज उभी राहिले आहे. माझे जे चुकले तेही सांगणार आहे, कारण मला जे थोडेबहुत कळले ते त्या चुकीतूनच कळले.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऐन वैशाखात नळाला पाणी चढवणारी मोटार जळाली आणि आपण सगळ्या जणी पुन्हा जुन्या विहिरीच्या काठावर आलो. विहिरीवर लोखंडी कप्पी होती. तिच्यावरून दोर सोडायचा आणि ओढायचा. पाणी बावीस हात खोल गेले होते. दहा लिटर पाण्याची बादली, त्यात बादलीचे आणि ओल्या दोराचे वजन धरले म्हणजे बारा किलो होतात. अशा एकेका घरी पंधरा-वीस बादल्या लागत. तीनच दिवसांत माझ्या धाकट्या जावेचा खांदा धरला. चौथ्या दिवशी ओला दोर तिच्या तळहातातून सरकला आणि हाताची सालडी निघाली. संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि डोळ्यांतले पाणी पदराने पुशीत होती. मला ते पाहवेना.

मला तेव्हा वाटत असे, आणि तुमच्यापैकी कित्येकींना अजूनही वाटत असेल, की कप्पी आपले ओझे हलके करते. ती तसे करीत नाही. बारा किलोची बादली कप्पीवरून ओढायला बारा किलोचाच जोर लागतो. कप्पी गंजलेली असली तर थोडा जास्तच. कप्पी एवढेच करते, की वर ओढण्याऐवजी आपल्याला खाली ओढता येते. त्यामुळे विहिरीत वाकावे लागत नाही आणि अंगाचा भार दोरावर टाकता येतो. हेही काही थोडे नाही. पण ओझे तेवढेच राहते.

हे मला सांगितले माझ्या मुलीने. ती शाळेतून साधी यंत्रे शिकून आली होती. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र आणि चाक व आस, अशी सहा यंत्रे ती घोकत होती आणि मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पहार ही तरफ, कुऱ्हाडीचे पाते ही पाचर, टेम्पोत पिंप चढवायला लावतात ती फळी म्हणजे उतरण, हे मला चटकन कळले. पण 'चाक व आस' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बैलगाडी उभी राहिली. गाडी विहिरीतून पाणी कसे काढील? मुलगी हसली आणि म्हणाली, "आई, आपल्या नळाची मूठ तुटली होती ते आठवते का तुला?"

आठवत होते. वरची मूठ तुटून गेली आणि मधली पितळेची बारीक काडी तेवढी राहिली. ती चिमटीत धरून मी किती पिळली, पण जागची हलेना. शेवटी शेजाऱ्यांकडून पक्कड आणली तेव्हा पाणी आले. नवी मूठ बसवल्यावर तोच नळ माझी तीन वर्षांची भाची फिरवू लागली. काडी तीच आणि नळही तोच. फरक इतकाच, की आधी आपण मधल्या बारीक काडीवर जोर लावीत होतो आणि आता तिच्याभोवतीच्या मोठ्या मुठीवर लावतो. ही मूठ म्हणजे चाक आणि ती काडी म्हणजे आस. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडलेली. एक फिरले की दुसरे फिरलेच पाहिजे. एवढेच हे यंत्र.

कोणाला खरे वाटत नसेल तर हे पाहा, मी घरून लाटणे आणले आहे. ह्याचे पोट जाड आहे आणि टोके बारीक आहेत. अध्यक्षीणबाईंनी कृपा करून एक टोक मुठीत धरावे. आणि ही आठ वर्षांची चिमुरडी पुढे बसली आहे, तिने दोन्ही हातांनी पोट धरावे. आता दोघींनी उलट दिशांना पिळा.

(येथे टोक अध्यक्षीणबाईंच्या मुठीतून फिरले व सभेत हशा पिकला.)

अध्यक्षीणबाई, रागावू नका. तुमच्या हातात बळ कमी नाही, तुमच्या वाट्याला आलेले टोक बारीक आहे.

आता ह्यातला नियम सांगते. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जे अंतर असते त्याला शाळेच्या पुस्तकात त्रिज्या म्हणतात. चाकाची त्रिज्या आसाच्या त्रिज्येच्या जितके पट मोठी, तितके पट आपला जोर कमी लागतो. तिप्पट मोठी असली तर बारा किलोच्या ओझ्याला चार किलोचा जोर पुरतो. ह्यालाच यांत्रिक फायदा म्हणतात.

विहिरीवरचा रहाट म्हणजे हेच यंत्र. दोन खांबांवर आडवा ओंडका, त्यावर दोर गुंडाळलेला, आणि ओंडक्याच्या टोकाला वाकवलेला दांडा. ओंडका ही आस. मग चाक कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. गाडीच्या चाकाचे सगळे आरे काढून टाकले आणि एकच ठेवला, तर तो आपला दांडा. आपली मूठ त्याच्या टोकाला धरून जे वर्तुळ काढते, तेच चाक.

मी ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत मांडली. काही जणी म्हणाल्या, "आज ना उद्या मोटार दुरुस्त होईल, कशाला खर्च?" मी हट्टच धरला. मोटार आज दुरुस्त होईल आणि पुन्हा जळेल, वीज जाईल, विहीर मात्र आहे तिथेच राहील, असे मी बोलले. शेवटी मंडळाच्या शिलकीतून पैसे काढायचे ठरले आणि सुतारदादांना सांगितले.

आता माझी पहिली चूक. सुतारदादांनी आंब्याचा चांगला दोन विती रुंदीचा ओंडका आणला. मी म्हटले, छान, जाड आहे, मजबूत होईल. दांडा लोखंडाचा, पण एकच वीत लांब. आटोपशीर दिसत होता. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले आणि पहिली बादली सोडली. माझ्या जावेलाच पहिला मान दिला. तिने दांडा फिरवायला घेतला आणि अर्ध्यावर थांबून माझ्याकडे पाहिले. काही हलके लागत नव्हते. आमच्या पाड्यावरची एक आत्या मोठ्याने म्हणाली, "ह्यापरीस माझी कप्पी बरी." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

रात्री मुलीला घेऊन बसले आणि विती मोजल्या. ओंडका दोन विती रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत एक वीत. दांडाही एक वीत. एकाला एक! मग पट कुठून येणार? आम्ही लाकूड, लोखंड, खांब सगळे वापरून मोठ्या खर्चाने एक कप्पीच तयार केली होती. जाड ओंडक्याची मला जी भूल पडली तीच सगळा घोटाळा करून गेली. आस बारीक हवी आणि दांडा लांब हवा, हे मी ऐकले होते, पण मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुतारदादांपुढे गेले. ते बिचारे भले माणूस. म्हणाले, "वहिनी, तुम्ही माप द्या, मी लाकूड देतो." मग एक वीत रुंदीचा सागाचा ओंडका घेतला, म्हणजे मध्यापासून अर्धी वीत. दांडा आधी दोन विती लांब केला. पण तो फिरताना वर गेला की आमच्या बुटक्या बायकांचे हात पुरेनात. टाचा उंचावून पाणी काढायचे म्हणजे विहिरीवर तोल जायची भीती. म्हणून दांडा दीड वीत ठेवला. अर्ध्या वितीला दीड वीत, म्हणजे तिप्पट. ह्या वेळी जावेने दांडा फिरवला आणि बादली अशी वर आली, की तिने आत डोकावून पाहिले, पाणी भरले आहे की नाही!

सुतारदादांनी आणखी एक शहाणपण केले. पहिल्या ओंडक्यावर दोर गुंडाळायला जागा थोडी होती. दोर दोरावर चढला की ओंडका जाड झाल्यासारखाच होतो, आणि शेवटचे फेरे जड जातात. आपला दोर बोटभर जाडीचा आहे. त्याचे चौदा वेढे शेजारी-शेजारी बसायचे तर चौदा बोटे जागा हवी, आणि वीत म्हणजे बारा बोटे. म्हणून ह्या वेळी ओंडका खांबांच्या मध्ये अडीच विती लांब सोडला.

पण आठ दिवसांत दुसरी तक्रार आली. "हलके लागते खरे, पण फिरवायचे किती? चौदा फेरे! पहिल्या रहाटाला सातच लागत होते." तक्रार अगदी बरोबर होती, आणि हा मुद्दा आज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नीट ऐका.

एक वीत रुंदीच्या ओंडक्याला एक वेढा द्यायला तीन विती आणि वर थोडा दोर लागतो. पुस्तकात त्याला बावीस सप्तमांश म्हणतात. चौदा वेढ्यांना चव्वेचाळीस विती, म्हणजे बावीस हात. आपल्या विहिरीची खोली तेवढीच होती. आता दांड्याच्या टोकाला आपली मूठ पाहा. ती प्रत्येक फेऱ्यात तिप्पट मोठे वर्तुळ चालते. म्हणजे बादली बावीस हात वर येते तोवर आपली मूठ सहासष्ट हात चालते. आता गुणाकार करा. बारा किलो गुणिले बावीस हात, दोनशे चौसष्ट. चार किलो गुणिले सहासष्ट हात, तेही दोनशे चौसष्ट. जोरात जे वाचले ते चालण्यात फेडले. यंत्राने एक पैसाही फुकट दिला नाही. उलट ओंडक्याच्या कण्याशी जे घासते त्याची दलाली वर द्यावी लागते, ती निराळीच.

मग मिळवले काय? मिळवले ते असे. तीस किलोचे पोते एका खेपेत मला उचलवत नाही. तेच धान्य दहा-दहा किलोच्या तीन टोपल्यांत घातले तर मी घरी नेते. खेपा तिप्पट होतात, पण कंबर शाबूत राहते. धरलेल्या खांद्याला बारा किलोचा हिसका सोसत नाही, चार किलोचा सोसतो. दोर तळहातातून सरकत नाही. ज्यांना कप्पी ओढणे जमतच नव्हते, त्या म्हाताऱ्या आणि बाळंतपणातून उठलेल्या सुनाही आपले पाणी आपण काढू लागल्या. कष्ट तेवढेच राहिले, पण शरीराला पेलतील अशा लहान घासांत वाटले गेले.

एवढे कळल्यावर मला वाटले, आता सगळे जमले. आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली. ती सांगताना आजही माझा आवाज कापतो.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एके सकाळी माझी पुतणी, म्हणजे ह्याच जावेची चौदा वर्षांची मुलगी, पाणी काढीत होती. भरलेली बादली काठाशी आली. बादली धरायला तिने दोन्ही हात पुढे केले आणि दांडा सोडून दिला. बादली तिच्या हाती लागली नाही. ती खाली सुटली, ओंडका उलटा गरगर फिरला आणि दांड्याचा तडाखा पोरीच्या हातावर बसला. कोपराखालचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला.

हे असे का झाले, ते मला रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या कळले. बादली एक हात वर यायला मूठ तीन हात चालते. मग बादली एक हात खाली पडली की दांड्याचे टोकही तीन हात धावणार. पडत्या बादलीच्या तिप्पट वेगाने ते लोखंड फिरत होते. ज्या तिपटीने आमचे खांदे वाचवले, त्याच तिपटीने पोरीचा हात मोडला. हिशेबाची एकच बाजू मी सगळ्यांना शिकवली होती, दुसरी शिकवायची राहून गेली.

जाऊ माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. मीही तिच्या जागी असते तर बोलले नसते. पाड्यावर चर्चा सुरू झाली की रहाट मोडून टाकावा आणि पुन्हा कप्पी लावावी. मंडळाची बैठक बसली. मी खाली मान घालून बसले होते. तेव्हा माझी जाऊच उठली आणि म्हणाली, "मोडू नका. मला पुन्हा कप्पी ओढता येणार नाही. पण आधी त्याला अडवायची काहीतरी सोय करा, तोवर पोरींना तिकडे पाठवू नका." एवढेच बोलून ती खाली बसली. तिच्या त्या दोन वाक्यांनी रहाट वाचला.

मग जी सोय केली ती आता तुम्ही रोज पाहता, पण तिचे काम समजून घ्या. ओंडक्याच्या एका टोकाला तिरक्या दात्यांची लोखंडी चकती बसवली आहे. तिच्यावर वरून एक खिटी पडते. बादली वर येताना खिटी दात्यांवरून कटकट करीत सरकते. पण दांडा सुटला आणि ओंडका उलटा फिरू लागला, की खिटी दात्यात अडकते आणि सगळे जागच्या जागी थांबते. बादली खाली सोडायची असेल तेव्हा एका हाताने खिटी उचलायची, पण दुसरा हात दांड्यावर ठेवूनच. मोकळा दांडा गरगरा सोडायचा नाही. पहिल्याच दिवशी ही खिटी लावायला हवी होती. आता तिच्या आवाजाशिवाय विहिरीवर कोणाला चैन पडत नाही.

भगिनींनो, एकदा हा हिशेब कळला की तो जिथे तिथे दिसू लागतो. जात्याचा खुंटा अगदी कडेला का ठोकतात? मधल्या खिळीपासून तो जितका दूर, तितके जाते हाताला हलके. ट्रॅक्टरचे हाकायचे चाक एवढे मोठे का? त्याच्या मधल्या दांड्याला नुसत्या चिमटीने कोणीच फिरवू शकणार नाही, म्हणून. पेचकसाची मूठ पात्यापेक्षा जाड असते तीही ह्याचसाठी.

आणि कधी कधी आपण हेच यंत्र मुद्दाम उलटे चालवतो. जोर बारीक आसावर लावायचा आणि काम मोठ्या चाकाकडून घ्यायचे. तेव्हा जोर जास्त लागतो, पण वेग मिळतो. ताकाच्या रवीचे पाहा. दोरी बारीक दांडीला गुंडाळलेली असते. आपण ती थोडीच ओढतो, पण खाली रवीच्या पाकळ्या मोठ्या वर्तुळात जोराने फिरतात, म्हणून लोणी येते. सायकलीचेही तेच. साखळी मागच्या लहान दातेरी चक्रीला ओढते आणि मोठे चाक भराभर रस्ता कापते. म्हणून चढावर आपल्याला धाप लागते. आपल्या शिवणवर्गातले पायाचे मशीन ह्यांचेच भावंड आहे. खालचे मोठे चाक एकदा फिरते तेवढ्यात पट्ट्याने जोडलेले वरचे लहान चाक कित्येकदा फिरते. पायाची चाल संथ आणि सुईची चाल झरझर. जोर वाचवायचा की वेळ, हे आपण ठरवावे. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

बैलगाडीचे चाक मात्र थोडे निराळे काम करते. नुसते पोते जमिनीवरून ओढले तर ते वाटभर घासत जाते. गाडीला चाक लावले की जमिनीशी घासणे जवळजवळ संपते. उरते ते चाकाचा तुंबा आणि आस ह्यांच्यामधले. तेही कसे? चाकाच्या एका फेऱ्यात गाडी धावेच्या घेराएवढी पुढे जाते, पण घासणे होते आसाच्या बारीक घेराएवढेच, आणि तिथेही आपण वंगण घालतो. म्हणून चाक मोठे आणि आस बारीक असली की बैलांना गाडी हलकी जाते. जुन्या माणसांनी हे गणित मांडले नसेल, पण त्यांच्या गाडीची चाके पाहिली की त्यांना ते ठाऊक होते असे म्हणावेसे वाटते.

आणि जुनी म्हणजे किती जुनी! १९७४ साली, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे भिल्ल समाजाचा एक शेतकरी झुडपाचे मूळ खणीत होता. त्याला मातीत कांशाच्या चार जड वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथा एक रथ. रथाला दोन चाके, पुढे दोन बैल जुंपलेले आणि मागे हाकणारा माणूस उभा. कित्येक जाणकार ह्या वस्तू साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. आपल्याच राज्यातल्या एका आदिवासी बांधवाच्या कुदळीला तो रथ लागला, हे मला फार आवडले. आपल्या इतक्या पिढ्या चाकाला ओळखतात. मग आपल्या लेकींना त्याचा हिशेब का ठाऊक नसावा?

डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बायका काही फक्त आपल्याकडेच नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली दोघा जणांनी नव्वद लिटर पाण्याचे एक पिंप तयार केले. ते आडवे पाडायचे, दोन्ही बाजूंना दांडी अडकवायची आणि जमिनीवरून लोळवीत घरी न्यायचे. पाण्याचे भांडे हेच चाक! त्याला हिप्पो रोलर असे नाव आहे. नव्वद लिटर डोक्यावरून न्यायचे तर आपल्या बादलीच्या नऊ खेपा. हिशेब मात्र त्यालाही चुकत नाही. सपाट वाटेवर पिंप सुखाने चालते, चढावर ते मागे ओढते आणि उतारावर पुढे धावते. तिथे त्याला धरणारा हात खंबीर लागतो.

आता शेवटचे सांगते. आपल्या ह्या झरी गावाचे नाव पुस्तकांत आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. २३ मे १९४५ रोजी शामराव आणि गोदूताई परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने इथे वारली बांधवांची परिषद भरली. तेव्हा आपण उंबरगाव तालुक्यात होतो. १९६० साली राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि आपण महाराष्ट्रात राहिलो. त्या परिषदेत आपल्या वाडवडिलांनी ठरवले की आता वेठ करायची नाही. त्यांना एक गोष्ट पुरती कळली होती. जगात कोणतेही काम फुकट होत नसते. कोणी म्हणाला की मला ते फुकट मिळाले, तर समजावे की ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीतून निघाले आहे.

मला वाटते, हाच प्रश्न आपण आपल्या घरातही विचारावा. नळाला पाणी नसते तेव्हा घरात पाणी येते ते कोणाच्या पाठीतून? आजवर सगळे म्हणत आले की पाणी ओढणे हे बायकांचे काम. बरे, बारा किलोचे काम बायकांचे होते. आता ते चार किलोचे झाले आहे. आता तरी ते बारा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या बापाला झेपायला हरकत नसावी! आमच्या घरी रविवारचे पाणी आमचे हे काढतात. पहिल्या रविवारी त्यांनी फेरे मोजले आणि चौदा झाल्यावर म्हणाले, "रोज तुम्ही वीस बादल्या काढता?" मी काही बोलले नाही. त्यांनीच गुणाकार केला असेल.

मोटार दुरुस्त झाली आहे, नळाला पाणी येते, आणि देव करो, असेच येत राहो. तरी रहाट विसरू नका. महिन्यातून एकदा कण्यांना वंगण घाला. दर सोमवारी खिटी दात्यात नीट बसते की नाही ते हलवून पाहा. दोराचा पीळ उसवला तर वाट न पाहता दोर बदला. आणि लहान मुलगी पहिल्यांदा पाण्याला आली, तर तिला दांडा कसा धरावा हे सांगण्याआधी तो सुटला तर काय होते ते सांगा.

माझ्या पुतणीचा हात आता बरा आहे. हे शेवटचे काम आज तीच करते. पाड्यावरच्या लहान मुलींना विहिरीवर उभे करून ती आधी खिटी दाखवते आणि मगच दांड्याला हात लावू देते. तिची आई लांबून पाहत असते.